एक फाइल वगळली

धाकट्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायची खोड होती. पंखा घ्यायचा असो, मुलीची शाळा ठरवायची असो की दाराचं कुलूप बदलायचं असो, तो आधी कागदावर रकाने आखायचा, प्रत्येक रकान्यात दहापैकी मार्क भरायचा आणि बेरीज सांगेल ते घरी आणायचा. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "मला बघायला आला तेव्हाही खिशात कागद होता याच्या. किती पडले ते अजून सांगत नाही." बाटल्यांच्या ज्या कारखान्यात तो कंट्रोल सिस्टिमचा इंजिनिअर होता, तिथे पाठीमागे त्याला मार्कवाले साहेब म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

ही खोड लागली ती थोरल्या भावामुळे. वडील गेले तेव्हा थोरला सोळाचा होता आणि धाकटा आठचा. थोरल्याने शाळा सोडली आणि याच कारखान्यात काचेच्या भट्टीवर कामाला लागला. दर परीक्षेनंतर धाकटा गुणपत्रक नाचवत यायचा. दादा ते वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि एकच विचारायचा, "मार्क पडले, छान झालं. पण जमतं का?" एकदा विज्ञानात पंचाण्णव पडले, तेव्हा दादाने घरातला बंद पडलेला टेबलावरचा दिवा त्याच्यापुढे आणून ठेवला होता. धाकट्याच्याने तो काही पेटला नाही. मग दादाने शेजारी बसून त्याच्याच हातून तो दुरुस्त करून घेतला. पण धाकट्याच्या डोक्यात राहिले ते पंचाण्णव. दिवा तो विसरून गेला.

पुढे शिकूनसवरून तोही याच कारखान्यात लागला, पण वरच्या मजल्यावर. थोरला खाली भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. त्याला कारखान्यात झाडून सगळे 'दादा' म्हणत, त्यामुळे साहेबांनीही त्याला दादा म्हटलं तर कुणाला त्यात नातं दिसत नसे. हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे नव्या माणसाला कळायला सहा-सहा महिने लागत. धाकट्यानेही ते सांगायची कधी घाई केली नाही.

काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली वितळलेली काच थिजून बसते आणि मग भट्टीच फोडून काढावी लागते. त्या भट्टीचं तापमान, तिच्या प्रत्येक बर्नरची आच, पुढे बाटल्या घडवणाऱ्या मशिनांचा एकेक ठोका, हे सगळं कंट्रोल रूमच्या कोपऱ्यातला एक करडा सर्व्हर सांभाळायचा. दादा पडद्यावरचे आकडे बघायचा, पण दर तासाला उठून, निळ्या काचेचा चष्मा लावून भट्टीच्या झरोक्यातून आतही डोकावायचा. "आकडा बरोबर असेल, पण ज्वाळ काय म्हणते ते बघायला नको?" असं म्हणायचा.

त्या सर्व्हरसाठी दादाने स्वतःची एक पद्धत ठेवली होती. फार वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने ती त्याला शिकवली होती आणि तो गेल्यावर दुसरं कुणी त्यात हात घालायला तयार नव्हतं. वर्षातून एक दिवस मशिनं साफ करायला बाटल्यांची लाइन थांबे. भट्टी त्या दिवशी माणसांच्या हाताखाली ठेवायची, सर्व्हर बंद करायचा आणि त्याच्या डिस्कची नव्या डिस्कवर नकल उतरवायची. इथवर कुणीही करेल. दादा त्यापुढे जाऊन अस्सल डिस्क बाहेर काढायचा, नकल सर्व्हरमध्ये बसवायचा आणि पुढचा अख्खा दिवस कारखाना नकलेवर चालवायचा. सगळं सुरळीत चाललं की मग अस्सल परत आत आणि नकल कपाटात. तिच्यावर चिठ्ठी डकवायची, तारीख घालायची आणि खाली लिहायचं, 'लावून पाहिली. चालली.' अशा अकरा डिस्का त्या कपाटात ओळीने बसल्या होत्या.

मग मुख्य कचेरीचा हुकूम आला. रोजच्या रोज बॅकअप घेणारं आणि वेळ पडल्यास तो परत उभा करणारं एक रीतसर सॉफ्टवेअर निवडा. निवड करायची धाकट्याने. त्याला तर सुट्टी लागल्यासारखाच आनंद झाला. चौदा रकाने पाडले. वेग, लागणारी जागा, कंपनीची मदत, वापरायला सोपं, अहवालाची मांडणी, काय काय. तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. तिसरा विक्रेता मोठा गोडबोल्या. त्याने सगळ्यांसमोर लॅपटॉपवरची एक फाइल पुसून टाकली आणि दोन मिनिटांत परत आणून दाखवली. बैठकीच्या खोलीत टाळ्या पडल्या.

सर्वांत जुना ऑपरेटर म्हणून दादालाही बोलावलं होतं. तो भिंतीकडेला, दारापाशी बसला होता. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, "हे लॅपटॉपवर झालं. आमच्या सर्व्हरचा बॅकअप घ्या, कोऱ्या डिस्कवर परत उभा करा आणि त्यावर एक दिवस कारखाना चालवून दाखवा. जमतं का बघू."

विक्रेता हसला. "काका, आता जमाना बदलला. हिरवी खूण आली की समजायचं, झालं."

मॅनेजरांनी धाकट्याकडे पाहिलं. खरं तर मागणी रास्त होती, हे धाकट्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्यासाठी सर्व्हर थांबवायला लागला असता, परवानग्या काढायला लागल्या असत्या आणि मुख्य म्हणजे पूर्ण भरलेला तक्ता पुन्हा उघडावा लागला असता. आणि वरून आपलाच भाऊ, दहावी न झालेला, साहेबलोकांपुढे आपल्याला शिकवतोय याची त्याला लाज वाटली. ही शेवटची गोष्ट त्याने पुढे कित्येक वर्षं स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नाही.

"दादा," तो म्हणाला, "हे रकान्यात बसत नाही हो."

'हो' म्हणाला तो. घरात त्याने दादाला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. सगळे हसले. दादाही थोडा हसला.

त्या सॉफ्टवेअरला एकशे चाळीसपैकी एकशे एकतीस मार्क पडले. अहवालाच्या मांडणीला तर दहापैकी दहा. रोज सकाळी चार पानांचा अहवाल छापून यायचा. पहिल्या पानावर भलीमोठी हिरवी खूण आणि खाली 'यशस्वी'. धाकटा तो कंट्रोल रूमच्या फलकावर हौसेने लावायला सांगायचा.

पाठोपाठ तपासणीवाले आले आणि दादाच्या कपाटापाशी अडखळले. कारखान्याची सगळी माहिती अशी उघड्या कपाटात? कुणीही उचलून नेईल. त्यांचंही काही चूक नव्हतं. कपाटाला कुलूप लावून भागलं असतं. पण आता रीतसर बॅकअप होता, जुनं कशाला जपायचं? धाकट्याने परिपत्रक काढलं. सुट्या डिस्का जमा करून नष्ट कराव्यात, खाली त्याची झोकदार सही. नष्ट करण्याची रीतही त्यानेच लिहिली होती. प्रत्येक डिस्कला ड्रिल मशीनने आरपार भोक पाडायचं.

ते काम दादानेच केलं. वर्कशॉपमध्ये धाकटा सहज डोकावला, तेव्हा दादा एकेक डिस्क शिकंज्यात धरून भोक पाडत होता आणि पाडलेली बाजूला नीट रचत होता. "सगळ्या?" त्याने एकदाच विचारलं. "सगळ्या," धाकटा म्हणाला. दादाने मान हलवली आणि पुढची डिस्क लावली.

दोन वर्षं हिरवी खूण येत राहिली. मग एका दुपारी, शिफ्ट बदलायच्या सुमारास, वीज क्षणभर गेली-आली आणि कंट्रोल रूमचा पडदा जागच्या जागी गोठला. दादाने धाकट्याला तीनदा फोन लावला. धाकटा बैठकीत होता, फोन उलटा टेबलावर. शेवटी दादाने भिंतीवरची सूचना वाचली. ती धाकट्यानेच लिहिलेली होती. सातव्या ओळीत म्हटलं होतं, पडदा दहा मिनिटं गोठलेला राहिल्यास बटण दाबून सर्व्हर बंद करावा व पुन्हा सुरू करावा. दादाने घड्याळ लावून दहा मिनिटं वाट पाहिली आणि बटण दाबलं. सर्व्हर बंद झाला तो झालाच. डिस्क गेली होती.

धाकटा धावत आला. घाबरला नव्हता, उलट आता घोडामैदान जवळच होतं. नवी डिस्क बसवली, बॅकअप परत उतरवला. सतरा मिनिटांत हिरवी खूण. त्याने दादाकडे पाहिलंही, 'बघ' अशा नजरेनं. मग कंट्रोलचा प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर प्रश्न आला, 'नवीन कारखाना तयार करायचा आहे का?'

तापमानाचे रकाने कोरे. बर्नर कोरे. मशिनं कोरी.

तो तसाच वर पळाला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच अहवालाचं चौथं पान वाचलं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, 'एक फाइल वगळली: वापरात आहे.' कंट्रोलचा प्रोग्राम आपली मुख्य फाइल रात्रंदिवस उघडी ठेवायचा. बॅकअपवाल्याला उघडी फाइल दिसली की तो ती सोडून पुढे जायचा आणि बाकीचं सगळं इमानदारीने उतरवून हिरवी खूण द्यायचा. सगळ्या सेटिंग त्या एकाच फाइलीत होत्या. आदल्या दिवशीचं पान काढलं, तीच ओळ. गेल्या वर्षीचं काढलं, तीच ओळ. एकदा, फक्त एकदा परत उभं करून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

भट्टी वाचवली ती दादाने. चार दिवस तो घरी गेला नाही. निळा चष्मा लावून झरोक्यात बघायचा, ज्वाळेचा रंग पारखून बर्नर हाताने कमी-जास्त करायला सांगायचा आणि मधल्या वेळात खुर्चीतच डुलकी काढायचा. भट्टीचे आकडे त्याला तोंडपाठ होते. पण बाटल्यांच्या मशिनांच्या शेकडो सेटिंग कुणाला पाठ असणार? तीन आठवडे वाकड्या मानेच्या बाटल्या निघाल्या आणि निघाल्या तशा फोडल्या.

चौकशी मॅनेजरांच्या खोलीत झाली. मुख्य कचेरीचा एक अधिकारी आला होता. धाकट्याच्या पिशवीत ते चौथं पान घडी करून ठेवलेलं होतं. ते टेबलावर ठेवायचं, असं ठरवूनच तो आला होता.

"बॅकअप होता ना? मग सेटिंग परत का आल्या नाहीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

धाकट्याने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "सर्व्हर थेट बटणाने बंद केला गेला. अशा वेळी फाइल खराब होऊ शकते."

दोन्ही वाक्यं खरी होती. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून त्याने एक खोटी गोष्ट तयार केली होती.

"बटण कुणी दाबलं?"

भिंतीकडच्या खुर्चीतून आवाज आला, "मी."

"हे कोण?" अधिकाऱ्याने धाकट्याला विचारलं.

"शिफ्टचे ऑपरेटर," धाकटा म्हणाला.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. सूचनेतली सातवी ओळ कुणाची, हे सांगायला त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. घरी मुलगी कॉलेजात जायची होती, बढतीची यादी लागायची होती; माणसाला अशा वेळी काय काय आठवतं! पिशवीतलं पान पिशवीतच राहिलं. दादाची बदली गोदामात झाली. रिटायर व्हायला चौदा महिने उरले असताना, चाळीस वर्षं ज्वाळ पारखणारा माणूस बांधून आलेल्या बाटल्यांचे थर मोजायला लागला. शेवटच्या दिवशी भट्टीवरच्या लोकांनी बोलावलं, तरी तो तिकडे फिरकला नाही. गोदामाच्या फाटकातून निघून गेला.

त्या चौकशीला नऊ वर्षं झाली. दोघांचं येणं-जाणं होतं, बोलणंही होतं. तब्येत, पोरं, पाण्याची टाकी. कारखाना सोडून जगातलं सगळं. मग एक दिवस ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद पडली, आणि नवं निवडायचं काम पुन्हा धाकट्याकडे आलं. त्याने कागदावर रकाने आखले आणि पहिल्याच रकान्यापाशी त्याचा हात अडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो उठून दादाकडे गेला.

वहिनीने दार उघडलं. "या भावोजी. आत बसलेत, शेजारच्यांचं शिलाई मशीन उघडून. आता बंद होतंय की नाही, देव जाणे."

दादा जमिनीवर बसला होता. भोवती सुटे भाग, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेली एक डिस्क, मधोमध आरपार भोक पडलेली. धाकट्याने ती उचलली. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर शाबूत होतं. तारीख परिपत्रकाच्या पंधरा दिवस आधीची. खाली, 'लावून पाहिली. चालली.' भोक नेमकं 'चालली'च्या खालून गेलं होतं.

धाकटा भावासमोर खाली बसला आणि नऊ वर्षांचं सगळं एका दमात बोलून गेला. चौथं पान, वगळलेली फाइल, पिशवी, सातवी ओळ.

दादा स्क्रू फिरवत ऐकत होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"चौथं पान. रोज फलकावर लावायचास ना तू? मी वाचायचो. शिफ्टला दुसरं काय वाचायला असतं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो की सांगायला. तुझ्या घरी. तू जेवायला बसला होतास. म्हणालास, दादा, घरात कारखाना नको. मग मला वाटलं, साहेबाला ठाऊक असेल. आपण अडाणी."

धाकट्याला ती संध्याकाळ आठवेना. पुष्कळ आठवून पाहिलं. भाऊ दारात आला, काही सांगू लागला आणि आपण त्याला एका वाक्यात परत पाठवलं, याची डोक्यात खूणसुद्धा नव्हती.

"आणि चौकशीत? तू का बोलला नाहीस दादा?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

वहिनी चहा ठेवून गेली. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती. दादाने स्क्रू खाली ठेवला. "अरे, रडतोस काय म्हाताऱ्या? पण खरं सांगू? हे तू मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं. तिकडे सांगायचं होतंस."

बुधवारी बैठक होती. तीच खोली, टेबल नवं. धाकट्याने तक्ता वाटला नाही. उभं राहून म्हणाला, आधी एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. मागच्या वेळची निवड चुकली ती माझी. बॅकअप दोन वर्षं अर्धवट होता आणि मी तपासला नाही. परत उभं करून दाखवा असं दादा याच खोलीत म्हणाले होते, तेव्हा मी त्यांना हसण्यावारी नेलं; या वेळी ती टेस्ट आधी होईल. बटण दाबायची सूचना माझी होती. शिक्षा दादांना झाली.

धाकट्याला वाटलं, आता कुणीतरी चिडेल, कुणीतरी म्हणेल की तरीच, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. तो त्यासाठी तयार होता. त्याला तेच हवं होतं. त्याने एकेक चेहरा पाहिला. मॅनेजर तीन वर्षांपूर्वी आलेले. बाकीचे कुणी चार, कुणी दोन. सगळ्यांच्या तोंडावर अदब होती, पलीकडे काही नव्हतं.

नोंदी घेणारी नवी इंजिनिअर मुलगी चाचरत म्हणाली, "सर, कोण दादा?"

"माझा सख्खा भाऊ," धाकटा म्हणाला. त्या इमारतीत हे शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारले होते.

तिने ते लिहून घेतलं. "ते अजून भट्टीवर असतात का सर? टेस्टच्या दिवशी त्यांना बोलावता येईल."

"नाही," तो म्हणाला. "गोदामातून रिटायर झाला."